पेशकारसाहेबांचे बिघाड

गंगाखेडच्या आमच्या गल्लीत कुणाकडं काही नवीन यंत्र आलं की पेशकारसाहेबांना बोलावणं जायचं. नाही गेलं तरी ते यायचेच. चपला दारात नीट जोडून ठेवायचे आणि यंत्राकडं ढुंकूनही न बघता विचारायचे, "पुस्तक कुठाय?" यंत्राच्या खोक्यातलं माहितीपुस्तक हातात पडलं की चष्मा कपाळावरून नाकावर उतरायचा आणि साहेब ते पुस्तक उघडायचे शेवटच्या पानापासून.

हा विक्षिप्तपणा नव्हता, सवय होती. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. आपण पाटीवर डावीकडून उजवीकडं सरकायला शिकतो त्या वयात ते उजवीकडून डावीकडं सरकायला शिकले. पुढं राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, पण साहेबांचा डोळा जुन्याच सरकारच्या नोकरीत राहिला. तहसिलीत हाकिमापुढं कागद मांडणारा तो पेशकार. ते पदही कधीच गेलं, नाव मात्र त्यांना चिकटून राहिलं. मराठी ते झकास वाचत, पण वर्तमानपत्र मागच्या पानावरून सुरू करत आणि कादंबरीचा शेवट आधी वाचून टाकत. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "मास्तर, शेवट ठावूक असला की माणूस निवांत वाचतो. तुमी सगळे धापा टाकत वाचता."

मी तिथल्या शाळेत मास्तर आणि साहेबांचा शेजारी. माझा ओटा आणि त्यांचा ओटा यांच्यात हातभर बोळ होता. त्यामुळं त्यांच्या घरातलं बरंवाईट मला न विचारता कळत असे, आणि माझ्या घरातलं त्यांना.

आता कुठल्याही माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर काय असतं? 'बिघाड व उपाय'. पुढच्या पानांवर कंपनी स्वतःच्या मालाचं कौतुक करते आणि मागच्या पानावर खरं बोलते. त्यामुळं यंत्र चालू कसं करायचं हे कळायच्या आत ते कशाकशानं बंद पडेल हे साहेबांना तोंडपाठ झालेलं असे. पुस्तक इंग्रजीत असलं तर ते मला वाचायला लावत, पण पान तेच काढून देत. "हां, हितनं वाचा. पयला बिघाड काय म्हंतो?" सगळे बिघाड ऐकून झाले की मग ते यंत्राकडं वळून बघत, ते दवाखान्यात भेटायला गेल्यासारखे. "हं. मिजाज नाजूक हाय."

दुकानात त्यांचा प्रश्न ठरलेला. "ह्याच्यात बिघाड काय काय होतात?" दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणायचा, साहेब, यात काहीच बिघडत नाही. मग साहेब ती वस्तू घेत नसत. "जे बिघडत न्हाई म्हंतात ते दुरुस्त बी होत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. वस्तूबरोबर मिळणाऱ्या वॉरंटीला ते शेवटपर्यंत वारंट म्हणत राहिले. जन्म तहसिलीत गेलेला, दुसरं काय होणार? मिक्सर घरी आणला त्या दिवशी तो ओट्यावर ठेवून मला म्हणाले, "वरीसभराचं वारंट हाय ह्याच्यावर. पळून जातोय कुटं!"

बटणांचीही तीच गत. पुस्तकात 'पहिलं बटण' म्हटलं की ते उजवीकडचं पहिलं. गणपतीच्या दिवसांत गल्लीच्या मंडळाकडचा टेपरेकॉर्डर रुसला म्हणून आरतीच्या कॅसेटसकट तो साहेबांकडं तपासायला आला. साहेबांनी पहिलं बटण दाबलं. ते आवाज भरायचं निघालं. टेप काही बोलेना, साहेब मात्र बोलत राहिले. संध्याकाळी मंडपात आरती लागली, सगळे हात जोडून उभे राहिले आणि ऐन रंगात आलेल्या आरतीच्या मधोमध कर्ण्यातून साहेबांचा आवाज गल्लीभर घुमला, "अजी मियाँ, बोलत काऊन न्हाई? बोला की! रुसलाव का?" त्यामागून कावेरीकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज: "त्याला काय इचारायलात, त्यो काय तुमचा साडू हाय?" मग पुन्हा टाळ-झांजा. मंडळानं ती कॅसेट बदलली नाही. पुढं कैक वर्षं आमच्या गल्लीतल्या पोरांना वाटायचं की आरती तशीच असते.

काकूंना या यंत्रांचा मनस्वी कंटाळा. "ह्यांनी आणायचं आन म्या निस्तरायचं," असं त्या येताजाता म्हणत. मिक्सर आला तरी पाटा-वरवंटा जागचा हलला नाही. साहेब मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट करायला घेत, ते छताला उडे, ते झाडता झाडता काकूंची दुपार जाई. इस्त्रीनं धोतराला भोक पाडलं, पंख्यानं कॅलेंडर फाडलं. संध्याकाळी दिव्यांचा जोर कमी झाला की व्होल्टेज सांभाळणारा डबा टिकटिक करायला लागे, तेव्हा काकू त्याला "गप रं" म्हणून दटावत. खरं सांगायचं तर काकूंच्या दटावण्यानं यंत्रं जास्त ऐकत. पण घरात हसणं भरपूर होतं. त्यांची एकुलती एक मुलगी नंदा परभणीला कॉलेजात होती. ती सुट्टीला आली की आईबापाच्या या भांडणात दोन्हीकडून तेल ओतायची.

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाचं नाव बदलावं की बदलू नये यावर सगळा मराठवाडा दुभंगलेला. आज एसटी बंद, उद्या बाजार बंद. पानाच्या टपरीवर काल गळ्यात गळे घालून बसणारे आज तोंड फिरवून बसत. काही खेड्यांत जे झालं ते आठवलं की अजून मान खाली जाते. आणि नेमक्या त्याच दिवसांत नंदानं लग्न ठरवलं, परभणीच्याच कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मिलिंदशी. मिलिंद ताडकळसचा, बौद्ध घरातला.

हे नंदानं आधी बापाला सांगितलं. साहेब परभणीला गेले आणि मिलिंदला भेटले. तिथं काय झालं ते मला पुढं मिलिंदनंच सांगितलं. साहेबांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "तुमच्यात बिघाड काय काय हायेत?" मिलिंद गांगरला. मग विचार करून म्हणाला, "राग लवकर येतो. झोपेत बडबडतो. आणि सर, मला खिळासुद्धा ठोकता येत नाही." साहेब खूश. "आन उपाय?" "रागावर उपाय नंदा आहे. बाकीच्यांवर सापडला नाही." साहेबांनी तिथल्या तिथं होकार दिला. लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं, साक्षीदार म्हणून सही करायला साहेब स्वतः गेले.

काकू गेल्या नाहीत. त्यांच्या भावानं येणं-जाणं तोडायची धमकी दिली होती, भावकी कुजबुजत होती. ते तर होतंच. पण एकदा आमच्या ओट्यावर लसूण सोलता सोलता त्या मला म्हणाल्या, "मास्तर, पोटात म्या वागवलं आन सांगायच्या टायमाला बाप आटवला. मला काऊन न्हाई सांगितलं आदी?" राग जातीचा किती आणि या न सांगण्याचा किती, हे त्यांचं त्यांनाही वेगळं काढता आलं नसतं. रागाच्या भरात त्यांनी शपथ घेतली होती, तीही कुलदैवताची. सगळ्या गल्लीला ऐकू गेली. "पोखर्णीच्या नरसिंहाची आण हाय मला. ह्या उंबऱ्याच्या आत त्यो जावई म्हून पाय ठेवणार न्हाई!"

नंदाला येऊ द्यायच्या. पोटची पोर, तिला कोण अडवणार? मिलिंद तिला सोडायला यायचा आणि माझ्या ओट्यावर बसायचा. आम्ही दोघं चहा प्यायचो, पेपर वाचायचो. बोळाच्या पलीकडून नंदाचं बोलणं ऐकू यायचं. तो ते ऐकत पेपरचं तेच पान धरून बसायचा. साहेब दर थोड्या वेळानं बाहेर येऊन आमच्याकडं बघत आणि परत आत जात. त्या दिवसांत त्यांनी कुठल्याच यंत्राला हात लावला नाही, यावरून मी काय ते ओळखलं. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट दुरुस्त करायची होती, आणि तिचं पुस्तक कुठल्या खोक्यात मिळत नव्हतं.

मग एका पंचमीला नंदा-मिलिंद आलेले असताना मिक्सर बंद पडला. खरंच पडला. काकूंनी पाहुण्यांसाठी ढीगभर वाटण काढलेलं, आणि नेमकी पाट्याला पाथरवटाकडून नुकतीच टाकी लावलेली, त्यामुळं वाटणात दगडाची खडी येत होती. साहेब मिक्सर उचलून बाहेर आले आणि उंबऱ्यावर ठेवून मोठ्यानं म्हणाले, "अहो सर, जरा बगा की. तुमी शिकलेले मान्सं."

"सर, मी इतिहास शिकवतो," मिलिंद म्हणाला.

"ह्यो बी आता इतिहासच झालाय. बगा."

मिलिंद उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसला. घाबरत मिक्सर उचलला, आडवा केला, उलटा केला. तसं करताना त्याचा अंगठा तळाच्या लाल बटणावर पडला आणि आत काहीतरी टक वाजलं. पिन लावली तर मिक्सर सुरू! आतून काकूंचा आवाज आला, "झाला का? कुणी केला?"

साहेबांनी एक क्षण माझ्याकडं बघितलं. "मेकॅनिकनं," ते म्हणाले.

आत चुलीवर भांडं चढल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "मेकॅनिकला च्या द्यावा लागंल मग."

चहा आला, पण कोनाड्यातल्या ग्लासातून. बाहेरच्या माणसांसाठी वेगळा ठेवलेला तो ग्लास सगळ्या गल्लीला माहीत होता. मिलिंदनं तो ओळखला. त्याचा चेहरा मी बघत होतो. त्यानं ग्लास खाली ठेवायच्या आत साहेब आत गेले, कोनाड्यातला दुसरा ग्लास घेऊन आले, स्वतःचा कपातला चहा त्यात ओतला आणि मिलिंदच्या शेजारी उंबऱ्यावर बसून प्यायले. त्या दिवसापासून साहेबांनी घरात चहा त्याच ग्लासातून घेतला. काकूंनी दोनदा कप पुढं केला, तिसऱ्यांदा केला नाही.

लाल बटणाचं मी संध्याकाळी विचारलं. "साहेब, ते मागच्या पानावर होतं ना? 'यंत्र एकाएकी थांबल्यास तळाचे बटण दाबावे.' मीच वाचून दाखवलं होतं तुम्हाला." साहेब हसले, ते फक्त मिशीतल्या मिशीत.

"मास्तर, हिरण्यकश्यपूला वर काय व्हता? घरात मरण न्हाई आन बाहेर न्हाई. मंग नरसिंहानं काय केलं? उंबऱ्यावर घेतला. आण बी नरसिंहाचीच हाय. ती म्हन्ली, जावई म्हून यायचं न्हाई. मेकॅनिकचं नाव कुटं घेतलंय तिनं?"

तिथून साहेबांच्या घरातले बिघाड सुरू झाले. आधीही यंत्रं बिघडत, पण आपल्या मर्जीनं. आता ती सणवार बघून बिघडायला लागली. नंदा-मिलिंद यायच्या आदल्या दिवशी इस्त्री गार पडे, नाहीतर रेडिओ मुका होई. आणि दुरुस्त करणारा कोण? तर ज्याला खिळा ठोकता येत नाही तो. मिलिंद हातात पेचकस घेऊन ओट्यावर बसे आणि साहेब शेजारी बसून हवापाण्याचं बोलल्यासारखं पुटपुटत: "पाऊस बरा झाला म्हंतात... डावीकडली पिवळी वायर ढिली हाय... कापूस कसा हाय ताडकळसला?" काकू आतून कान देऊन असत. काम झालं की म्हणत, "पोरगं हुशार हाय. कारखान्यात लागलं असतं."

पण इस्त्री ओट्यावर आणता येते, रेडिओ आणता येतो. त्यानं मिलिंद बाहेरच राहत होता. मग साहेबांनी टीव्ही घेतला. एव्हाना परभणीहून चित्र दिसायला लागलं होतं. छतावर ॲंटेना बसवणाऱ्या माणसाला साहेब म्हणाले, "वायर आखूड टाक. माजघरापतोर यावी, भाईर निगू नये." असं गिऱ्हाईक त्यानं जन्मात बघितलं नसेल.

रविवारी सकाळची पौराणिक मालिका बघायला निम्मी गल्ली त्या माजघरात जमे. काकू आंघोळ करून, टीव्हीला कुंकू लावून बसत. त्या रविवारी मिलिंद माझ्या ओट्यावर होता आणि मी साहेबांच्या माजघरात, दाराशी. देव नुकते प्रकट झाले होते. एवढ्यात साहेब टीव्हीवरची धूळ पुसायला उठले. त्यांचा हात टीव्हीच्या पाठीमागं गेला. तिथं एक काळी खुंटी असे, ती जरा फिरली की चित्र खालून वर पळायला लागे. चित्र पळायला लागलं. देवाचे पाय वर, मुकुट खाली, पुन्हा पाय.

"अगं बया, देव जिन्यानं चढून जायलेत!" बायका ओरडल्या.

साहेबांनी टीव्हीच्या डोक्यावर दोन थपडा मारल्या, नसत्या ठिकाणी. "आपल्याच्यानं होत न्हाई. ह्याला मेकॅनिकच पायजे. पर भाईर नेता येत न्हाई, वायर आखूड हाय."

सगळ्या बायका काकूंकडं बघायला लागल्या. ज्या बायांनी लग्नाच्या वेळी नाकं मुरडली होती त्यातलीच एक म्हणाली, "पेशकारीणबाई, घ्या की त्याला आत! देव गेल्यावर घेता का?" काकूंनी पदर सावरला, देवाकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बलवा मेकॅनिकला."

मिलिंद उंबरा ओलांडून आत आला. साहेब हळूच खोकले, "मागली काळी खुंटी..." देव जागेवर आले आणि माजघरानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या देवाला होत्या की मिलिंदला हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. साहेब माझ्या शेजारी येऊन बसले. "मास्तर, तुमी काय बगितलं?"

"काही नाही."

"बास."

मिलिंद आत आला, पण मेकॅनिक म्हणून. मेकॅनिकला चहा मिळतो, जेवायला पाट मिळत नाही. काम संपलं की त्यानं निघायचं असतं. दिवाळीला साहेबांनी फ्यूज ढिला करून त्याला बोलावलं. मिलिंदनं दिवा लावला, घर उजळलं, आतून अनारशांचा वास येत होता. काकूंनी फराळाची पुडी बांधून नंदाच्या हातात दिली. "घरी जाऊन खावा दोघं." जावयाची दिवाळी पुडीत बांधून मिळाली.

माझ्या ओट्यावर येऊन मिलिंदनं पेचकस खाली ठेवला. त्याचा पहिला बिघाड वर आला होता. "मास्तर, बास झालं. सासऱ्याच्या घरात शिरायला मला हातात पेचकस धरावा लागतो. मी काय चोर आहे? बाहेर नामांतरासाठी मोर्चात घोषणा द्यायच्या आणि इथं आपलंच नाव बदलून आत जायचं!" साहेब बोळात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. मिलिंदही मग त्यांच्याकडं वळून सरळ म्हणाला, "काका, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण आता येईन तर मिलिंद म्हणून."

साहेब म्हणाले, "बराबर हाय तुमचं." एवढंच. ते दोघं एसटीला गेले आणि साहेब ओट्यावरच बसून राहिले. फार वाईट वाटलं मला.

पुढं नंदा एकटी येऊ लागली. काकू सवयीनं जादा चहा टाकत आणि मग स्वतःच दोनदा पीत. माझ्या ओट्याकडं बघून विचारत, "आज मेकॅनिक न्हाई आला?" आणि उत्तराची वाट न बघता आत जात. रेडिओ खरंच बिघडला तो तसाच पडून राहिला. देव एका रविवारी आपणहून जिना चढायला लागले, तर काकूंनी टीव्ही बंद केला.

आणि अशात फ्रिज आला. साहेबांनी तो दिवाळीआधीच सांगून ठेवला होता. बेत उघड होता: टीव्ही माजघरात, फ्रिज स्वयंपाकघरात. मेकॅनिकला चुलीपर्यंत न्यायचा. ज्याच्यासाठी सांगितला तो येणार नव्हता, पण फ्रिज निघाला होता. हातगाडीवरून तो गल्लीत शिरला तेव्हा सगळे दारात आले. हमालांनी तो उतरवला, उभा केला, आडवा केला, तिरका केला. उभा घालावा तर वर चौकटीला अडे, आडवा घालावा तर दारामागच्या भिंतीला टेके; फ्रिज दारातून जाईना.

साहेबांनी तर दार मोजून घेतलं होतं! खिशातून पुस्तक निघालं. पुस्तकात उंची, रुंदी, खोली अशी मापं ओळीनं दिलेली. मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. साहेबांनी ती उजवीकडून वाचली होती. उंचीला खोली समजले आणि खोलीला उंची. त्यांच्या हिशेबानं फ्रिज बुटका आणि लांबुडका होता, बाकासारखा.

"परत न्या," साहेब कसनुसे होऊन म्हणाले. सुतार शेजारीच राहायचा, तो येऊन दाराभोवती फिरला. "वर चौकटीला गणपती कोरलाय, त्याला हात लावायचा न्हाई. बाजूला भिताडं हायेत. खालचा उंबरा तेवढा निगतो. चांगला ईतभर उंच हाय."

उंबरा काढायचा म्हणजे काय चेष्टा आहे? त्याला रोज हळदकुंकू लागतं, त्यावर लक्ष्मी असते. साहेब म्हणत होते, "न्हाई, न्हाई, ऱ्हाऊ द्या." तेवढ्यात काकू बाहेर आल्या. फ्रिजकडं बघितलं, जमलेल्या लोकांकडं बघितलं, मग माझ्या ओट्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडं. मग उंबऱ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या. आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि सुताराला म्हणाल्या, "काढ."

उंबरा निघाला, फ्रिज आत गेला. सुतार म्हणाला, उद्या येऊन परत बसवतो. काकू म्हणाल्या, "बगू." तो उद्या आलाच नाही, म्हणजे काकूंनी येऊ दिला नाही. उंबऱ्याचा दांडा मागच्या अंगणात तुळशीजवळ पडून राहिला. मधे एका शनिवारी काकू पोखर्णीला जाऊन आल्या. नरसिंहापाशी काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात मी परीक्षेच्या कामाला परभणीला निघालो होतो. साहेब बोळात येऊन कुजबुजले, "मास्तर, फ्रिज बंद पडलाय. आन खुदा कसम, ह्या टायमाला म्या हात लावला न्हाई!" ते बोलतायत तोच मागून काकू आल्या.

"मास्तर, परभणीला जायलात म्हनं. त्यांना निरोप द्या, फ्रिज बंद पडलाय."

"देतो की. मेकॅनिकला सांगतो."

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वर्गातला सगळ्यात ढ पोरगा आहे. "मेकॅनिक गंगाखेडात पायलीचे पन्नास हायेत. जावयाला सांगा म्हन्लं."

"पण काकू, तुमची आण... उंबऱ्याच्या आत..."

काकूंनी दाराकडं बोट केलं. "कुटंय उंबरा?"

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

निरोप मी शब्दशः दिला, 'जावयाला' या शब्दासकट. पुढच्या रविवारी नंदा-मिलिंद आले. मिलिंदचे हात रिकामे होते. काकू दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. दोघांवरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. हे सगळं जिथं उंबरा होता त्याच जागी. मिलिंद अवघडून म्हणाला, "आधी फ्रिज बघतो."

"बसा की," काकू म्हणाल्या. "त्याला काय धाड भरली न्हाई. पिन म्याच उपसली व्हती."

नंदा आईच्या गळ्यात पडली. साहेब बायकोकडं बघतच राहिले. इतकी पुस्तकं मागनं वाचलेला माणूस, पण हा बिघाड त्यांना कुठं सापडला नव्हता. त्या दिवशी मिलिंदला पाट मिळाला, ताटाभोवती रांगोळी मिळाली, आणि मलाही शेजारी बसवलं. कोनाड्यातले ते दोन ग्लास त्यानंतर मला कधी दिसले नाहीत.

पुढं माझी बदली झाली. साहेबांना मी शेवटचं बघितलं ते चौऱ्याण्णवच्या जानेवारीत. विद्यापीठाच्या नावाचा निकाल नुकताच लागला होता. कामासाठी गंगाखेडला गेलो आणि आपसूक जुन्या गल्लीत वळलो. साहेब खूप थकले होते, पण मला निरोप द्यायला काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आले. म्हणाले, "नाव बदलायला सरकारला इतकी वर्सं लागली, मास्तर. आमच्या हिनं एका उन्हाळ्यात बदललं. मेकॅनिकचा जावई केला."

घरातून मिलिंदची हाक आली, "काका, टीव्ही पळायलाय परत!" साहेब लगबगीनं मागं फिरले. "येतो, येतो. खुंटीला हात लावू नका, तुमाला जमत न्हाई!"

मी कोपऱ्यावरून बघत होतो. उंबरा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या घरातली माणसं दारात आली की पाय उचलूनच आत जात. काकू, नंदा, साहेब, सगळेच. एकटा मिलिंद सरळ चालत जाई, कारण त्याला त्या उंबऱ्याची सवयच लागली नव्हती. साहेब दारापाशी पोचले, काठी सावरली आणि चांगला वीतभर पाय उचलला. मग लक्षात आलं असावं. तसाच पाय अधांतरी धरून त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि ते खदखदून हसले.

"ऱ्हाऊ द्या मास्तर, ह्यो एक बिघाड तेवढा ऱ्हाऊ द्या," असं ओरडून म्हणाले, आणि नसलेला उंबरा ओलांडून आत गेले.